मागच्या काचेवरचा भाव

"धुतलेली गाडी मला दाखवायची नाही," असं ते येणाऱ्याला दारातच बजावत. माणूस बिचारा रविवारी सकाळी गाडी घासूनपुसून, डॅशबोर्डला पॉलिश मारून, आतमध्ये मोगऱ्याचा स्प्रे उडवून आलेला असे. त्याला ते तसाच परत पाठवत. "आठ दिवस पाणी लावू नका. नेहमीसारखी वापरा, मग आणा. मला गाडी बघायचीय, तुमची मेहनत नाही."

हे आमचे घरमालक. कळव्याला त्यांच्या घरात आम्ही बरीच वर्षं भाड्याने राहिलो. एका मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट, दोन्ही त्यांचेच. एकात ते आणि काकू, दुसऱ्यात मी आणि माझा नवरा, पुढे आमची मुलगी. विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या बघून नुकसान ठरवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मुंब्रा, शिळफाटा, भिवंडी, कुठेही गाडी आपटली की पोलिसांचं झाल्यावर हे तिथे पोचत. निवृत्त झाले तरी हाताची सवय गेली नाही. मग बिल्डिंगमधले, शेजारच्या बिल्डिंगमधले, काकूंच्या माहेरचे, ज्याला घरची जुनी गाडी विकायची असेल तो आधी त्यांच्याकडे येई. ते पैसे घेत नसत. चहासुद्धा घेत नसत. चहा घेतला की भाव वाढतो, असं त्यांचं मत होतं.

त्यांच्या हातात दोनच वस्तू असत. एक छोटी टॉर्च आणि जुन्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक, रुमालात गुंडाळलेलं. रुमालासकट ते चुंबक दारावरून, पत्र्यावरून हळूहळू फिरवत न्यायचं. जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टी भरलेली आहे, म्हणजे गाडी कधीतरी ठोकलेली आहे. मालक म्हणे, "नाही हो काका, कुठेच लागलेली नाही." तेव्हा ते चुंबक त्या जागेवर धरून सोडून देत. ते रुमालासकट खाली पडे. 

मीटरकडे ते बघतसुद्धा नसत. दार उघडून खाली वाकत आणि ब्रेक-क्लचच्या पेडलवरचं रबर बघत. मीटर मागे फिरवता येतो, पण झिजलेलं रबर परत फुगत नाही. मग मागच्या सीटवर जाऊन डोळे मिटून बसत. एकदा मी विचारलं, "मागे का बसता?"

"घरची गाडी आहे ना. घरची माणसं मागे बसतात. मागची सीट बघितली की घर कळतं."

आणि खरंच कळायचं. सीटच्या फटीत बडीशेप, शाळेच्या पेन्सिलीचं टोक, गोळ्यांच्या पाकिटाचा चुरगळलेला कागद. असा गोळ्यांचा कागद सापडला की ते मालकाकडे वळून हळूच विचारत, "आजारपण काढलंत का हो गाडीत?" माणूस आधी गडबडे. मग सांगू लागे, की आईला ठाण्याला केमोला नेत होतो, वर्षभर. काका ऐकून घेत. भावात त्याने काही फरक पडत नसे.

भाव ते तोंडाने कधीच सांगत नसत. तोंडाने सांगितलेला भाव शेजारी ऐकतात आणि संध्याकाळपर्यंत तो जिन्यात फिरतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते मालकाला गाडीच्या मागे नेत आणि मागच्या काचेवरच्या धुळीत बोटाने लिहीत. वर, बाजारात अशा गाडीला काय मिळतं तो आकडा. खाली टायर, रंग, एसी, एकेकाची वजावट. मग रेघ आणि उत्तर. गाडी न धुता आणायला सांगण्याचं अर्धं कारण हेही असावं, धुतलेल्या काचेवर लिहिता येत नाही. मालकाने बघितलं, मान हलवली किंवा तोंड पाडलं, की खिशातून दुसरा रुमाल काढून ते काच पुसून टाकत. टॉर्च धरायला मी असायचे. मी ऑफिसात प्रशासनात, घरीही सगळ्याच्या याद्या करणारी, म्हणून ते मला सेक्रेटरीबाई म्हणत. काच पुसायच्या आधी दर वेळी विचारत, "सेक्रेटरीबाई, वजाबाकी तपासा."

"बरोबर आहे, काका."

मग पुसायचं. तिथे लिहिलेले आकडे मी आजही कुणाला सांगत नाही, इथेही सांगणार नाही. त्यांना ते चाललं नसतं.

गेल्या महिन्यात डोंबिवलीला आम्ही आमची गाडी विकली. ॲपवर नाव नोंदवलं, कंपनीचा एक मुलगा आला, मोबाइलवर चाळीसेक फोटो काढले आणि भाव आला. माझ्याकडे यादी तयार होती, आरसी बुक, विमा, पीयूसी, दुसरी किल्ली. सगळं पटापट झालं. निघताना मला राहवलं नाही. म्हटलं, "पेडल बघितले नाहीत तुम्ही."

तो म्हणाला, "मॅडम, त्याचा ऑप्शनच नाहीये यात."

गाडी गेल्यावर मी किती तरी वेळ खालीच उभी होते. काकांना जाऊन आता दोन पावसाळे झाले.

भाव लावण्याची खोड त्यांना गाड्यांपुरती नव्हती. लग्नाला गेले की स्टेजवरचा सोफा कितीला जाईल ते काकूंच्या कानात सांगत. आमच्या घरी नवा फ्रिज आला तेव्हा सगळ्यांनी "छान आहे" म्हटलं. काका दार दोनदा उघडून-मिटून म्हणाले, "पाच वर्षांनी याचं रबर जाईल." गेलं. एकदा माझे सासरे आठ दिवस राहायला आले. जाताना काका मला जिन्यात म्हणाले, "त्यांना चालताना डाव्या बाजूला त्रास होतोय. दाखवून घ्या." मला रागच आला. माणूस आहे का टेम्पो? पण दाखवलं, आणि वेळेत दाखवलं म्हणून बरं झालं.

हसणं असं त्यांच्यात फार नव्हतं. कामाचं ते बोलत नसत. एकदाच बोलले होते. वीज गेली होती, दोन्ही घरांची दारं उघडी टाकून आम्ही सगळे पॅसेजमध्ये बसलो होतो. माझ्या मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्ही अ‍ॅक्सिडेंटच्या गाड्यांमध्ये काय बघायचात?"

"पत्रा बघायचो."

"आणि आत?"

"आत डबा असायचा कधी. कधी चप्पल. एकदा डब्यातली भाजीसुद्धा सांडलेली नव्हती. गाडी एवढीशी झालेली, आणि डबा जसाच्या तसा." मग म्हणाले, "त्याची पण किंमत लिहायची असते. जे उरतं त्याची. साहेब लोक म्हणायचे, लिहा शून्य. मी नाही लिहिलं कधी. काहीतरी निघतंच. पत्रा निघतो, काच निघते. शून्य लिहायचं नसतं."

काकू म्हणाल्या, "पोरीला काय सांगताय हे? पत्ते काढ गं, पत्ते खेळू."

त्यांची स्वतःची गाडी राखाडी रंगाची, लांब डिकीची. नोकरीत असताना घेतलेली, एकच मालक, एकच चालवणारा. त्यांच्या मुलीची पाठवणी याच गाडीतून झाली होती आणि नातीला हॉस्पिटलातून घरीही हीच घेऊन आली होती. ही मात्र रोज धुतली जाई. सकाळी दूध आलं की काका अर्धी बादली पाणी आणि जुन्या धोतराचं फडकं घेऊन खाली उतरत. दुसऱ्याची गाडी धुळीत बघणारा हा माणूस स्वतःच्या गाडीवर धुळीचा कण बसू देत नसे. माझा नवरा एकदा गमतीने म्हणाला, "काका, हिचा भाव लावा की." ते म्हणाले, "हिच्यावर लिहायला जागा कुठाय?"

एका नवरात्रात ते आणि काकू नेहमीप्रमाणे गाडी घेऊन टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तर खाली माणसं जमलेली. काका, वॉचमन, सोसायटीचे चेअरमन. गाडीच्या डाव्या बाजूला दोन्ही दारांवरून एक लांब ओरखडा गेला होता. फडकं फिरवताना तो त्यांच्या हाताला लागला होता. डोळ्यांना नाही, हाताला, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"रात्री पार्किंगमध्ये कोण घुसलं होतं?" काका वॉचमनला विचारत होते.

"कोण पण नाय आलेला, काका. मी जागाच होतो."

"जागा होतास! हा काय आपोआप उमटला? थांब, तुला दाखवतो." ते चवड्यांवर बसले. टॉर्च लावली. आम्ही सगळे वाकलो. "हे बघा, काळा रंग चिकटलाय. मधेच पिवळा. रिक्षा आहे. बिल्डिंगमध्ये रिक्षा कुणी आत घेतली?" चेअरमनकडे बघून ते बोलत होते, अगदी कामावर असल्यासारखे, स्पष्ट, एकेक मुद्दा. "आता ओरखड्याची दिशा बघा. पुढच्या दारापाशी सुरू झालाय आणि मागे गेलाय. रंगाचा चुरा मागच्या टोकाला गोळा झालाय, दिसतोय? उभ्या गाडीला रिक्षा मागून येऊन घासली असती तर उलटं झालं असतं. म्हणजे रिक्षा उभी होती, आणि गाडी..."

ते थांबले.

"आणि गाडी?" वॉचमनने विचारलं.

काकांनी टॉर्च बंद केली. गुडघ्यावर हात ठेवून उठले. रुमालात गुंडाळलेलं चुंबक त्यांनी बाहेर काढलं होतं, त्याचा काही उपयोग नव्हता, ते परत खिशात ठेवलं. "बघू," म्हणाले आणि बादली तिथेच सोडून वर गेले.

वॉचमनवरची तक्रार त्या दिवशी संपली. त्या ओरखड्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. गाडी चालवायचीही सोडली नाही.

दोन दिवसांनी मी काकूंकडे मेथी निवडायला बसले होते. त्यांच्या फ्रिजच्या दारात डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या मी कधीपासून बघत होते. काचबिंदू आहे, एवढं माहीत होतं. समोरचं दिसतं, बाजूचं हळूहळू जातं, हे काकूंनी त्या दिवशी सांगितलं. डॉक्टरांनी गाडी चालवू नका असं स्पष्ट म्हटलं होतं.

"मग?"

"मग काय. म्हणाले, रस्ता समोरच असतो." काकू जुडी उलगडत म्हणाल्या. "मी पुढे बसते ना त्यांच्या शेजारी. मी सांगते. आधी गाडीत बसलं की मी देवाचं नाव घ्यायचे गं. आता डावीकडे रिक्षा, डावीकडे बाई, डावीकडे कुत्रा. त्या दिवशी देवीच्या गर्दीत मी जरा हात जोडले, तेवढ्यात ते झालं."

"तुम्हाला कळलं होतं?"

"आवाज आला ना. मला वाटलं, त्यांनाही आला असेल."

पुढच्या शनिवारी ते डोंबिवलीला मुलीकडे निघाले. शिळफाट्याच्या पुढे डावीकडून एक बाई स्कूटरवरून चालली होती, मागे शाळेच्या गणवेशातली मुलगी. काकू ओरडल्या. काकांनी स्टिअरिंग ओढलं. स्कूटर पडली नाही. बाई थांबली, काकांकडे बघून दोन शिव्या दिल्या आणि गेली. काकू मुलीच्या घरी पोचल्या आणि सोफ्यावर बसून रडल्या. तोपर्यंत त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी मुलीला सगळं सांगितलं.

मुलगी बँकेत, बोलायला सरळ. दुसऱ्या दिवशी कळव्याला येऊन माझ्यासमोरच वडिलांना म्हणाली, "बाबा, गाडी विकायची."

"विकू की," ते म्हणाले. "भाव येऊ दे."

आणि भाव सांगितला. तोंडाने. त्यांच्या हाताखाली टॉर्च धरून धरून अशा गाडीला काय मिळतं हे मलाही साधारण कळायला लागलं होतं. त्यांनी सांगितलेला आकडा त्याच्या जवळजवळ दुप्पट होता. मी म्हटलं, "काका, पुन्हा पासिंग करायला दीडच वर्ष राहिलंय. एसी जेमतेम चालतो."

"एकच मालक आहे. रोज धुतलेली आहे."

"धुण्याला भाव नसतो, तुम्हीच सांगता."

"ते दुसऱ्यांच्या गाडीला, सेक्रेटरीबाई."

त्यांनी नाही म्हटलं असतं तर मुलगी भांडली असती, मीही बोलले असते. पण ते हो म्हणाले होते. फक्त हो म्हणून वर एक आकडा ठेवला होता, आणि त्या आकड्याच्या आड गाडी रोज सुखरूप खाली उभी होती.

गिऱ्हाइकं आली. काकांची तऱ्हा मी दोनदा तरी स्वतः बघितली. कुणी गाडीकडे जरा आवडीने बघायला लागला की काका पुढे होत. "इथे हात लावा. मागच्या चाकाच्या वर, आतून. गंज आहे. लागला हाताला? क्लच प्लेट वर्षभरात बदलावी लागेल. खड्ड्यात गेली की उजवीकडून कडकड वाजते, चला, दाखवतो." सगळं खरं. एक अक्षर लपवलेलं नाही. आणि एवढं दाखवून झाल्यावर तो भाव. नौपाड्याहून एक नवरा-बायको आले होते. बायको हसू दाबत म्हणाली, "काका, गाडी विकताय की क्लास घेताय?"

"ज्याला घ्यायचीय त्याला माहीत पाहिजे."

"मग भाव पण तसाच लावा ना."

ते गेले. संध्याकाळी काका आणि काकू गाडीने भाजी आणायला गेले. काकू पुढे बसल्या. मी गॅलरीतून बघत होते. गेटमधून बाहेर पडताना काचेआड काकूंचे ओठ हलत होते.

मुलीचा फोन आला. "ताई, तुम्ही सगळं नीट आखता. काहीतरी करा. आई एखाद्या दिवशी ओरडायची राहिली तर?"

उपाय तिनेच काढला होता. तिच्या नवऱ्याच्या ओळखीतला एक जण टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगांना प्लायवूड पुरवायचा. त्याला लांब डिकीची गाडी हवीच होती. योग्य भावाला तो घ्यायला तयार होता. काकांच्या आकड्यापर्यंत जे कमी पडेल ते मुलगी गुपचूप त्याच्याकडे देणार. मला त्यात काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. एका बाजूला त्या स्कूटरच्या मागे बसलेली पोरगी होती आणि दुसऱ्या बाजूला काकांचा मान. दोन्ही राखणारा दुसरा रस्ता मला दिसला नाही.

त्या माणसाला फोनवर मी सगळं समजावलं. मुलीचं नाव काढायचं नाही. काका गाडीतल्या चुका दाखवतील, त्याने नाराज व्हायचं नाही. भाव कमी करा म्हणायचं नाही, त्यावरूनच ते बिथरतात. टोकन रोख आणायचं.

"टेन्शन नका घेऊ ताई," तो म्हणाला, "सगळं होऊन जाईल."

त्याने माझं एकूण एक ऐकलं. रविवारी दुपारी तो आला. गाडीभोवती एक फेरी मारली.

"काका, मला पसंत आहे."

"इथे गंज आहे," काका म्हणाले.

"चालेल ना काका."

"हात लावून तर बघा."

त्याने हात लावला. "चालेल."

"क्लच प्लेट जाईल वर्षभरात."

"जाऊ दे ना, टाकू नवीन."

काकांनी भाव सांगितला. तो म्हणाला, "चालेल."

काका त्याच्याकडे बघत राहिले. समोरचं त्यांना चांगलं दिसत होतं. मग विचारलं, "बॉनेट उघडून बघायचं नाही?"

"तुम्ही सांगताय ना काका, मग बास की." त्याने खिशातून पाकीट काढून पुढे केलं.

आपल्याकडे माणूस कोथिंबिरीची जुडी घेताना दोन रुपये कमी कर म्हणतो, नाहीतर वर मिरच्या टाकायला लावतो. जुनी गाडी घेताना तर लोक अख्खी दुपार खर्च करतात, उठून जातात, कोपऱ्यावरून परत येतात. हे सगळं मला माहीत होतं. वर्षानुवर्षं मी ते टॉर्च धरून बघितलं होतं. पण काका चिडू नयेत एवढंच डोक्यात होतं, म्हणून त्याला नेमकं तेच करू नका असं सांगून बसले होते.

काकांनी पाकीट घेतलं. मोजलं नाही. "पुढच्या सोमवारी न्या," म्हणाले. "सकाळी या."

मी मुलीला कळवलं, झालं. तिने देवाला नमस्कार केल्याचं चित्र पाठवलं.

मंगळवारी सकाळी काका खाली उतरले नाहीत. बादली बाथरूमच्या दाराशी पालथी होती आणि धोतराचं फडकं कडक वाळून दांडीवर लटकलेलं. बुधवारीही तेच. समोर रस्त्याचं काम चाललेलं, दोन दिवसांत गाडीचा राखाडी रंग पिवळट झाला. काकू म्हणाल्या, "मन उठलं असेल हो त्यांचं. जाणारीच आहे तर कशाला धुवायची." मलाही तसंच वाटलं. जेवताना बोलत नाहीत, टीव्ही लावून बघत नाहीत, असं काकू सांगत. एकदा मी विचारलं, "काका, पुसून घेऊ का मी? तो न्यायला येईल तेव्हा बरी दिसेल."

"नको," ते म्हणाले. "पाणी लावायचं नाही."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं होतं. तरी त्या वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

सोमवारी टिटवाळ्याचा माणूस वेळेवर आला. वर घरात कागद झाले, उरलेली रक्कम झाली, दोन्ही किल्ल्या टेबलावर आल्या. काकूंनी त्याच्या हातावर पेढा ठेवला. मुलगी रजा घेऊन आली होती, ती उगाच स्वयंपाकघरात भांडी लावत होती. तो पाणी पीत होता तेव्हा काका उठले. मला म्हणाले, "सेक्रेटरीबाई, जरा खाली या."

टॉर्च घ्यायला मी वळले, तर म्हणाले, "नको. उजेड आहे."

ते मला गाडीच्या मागे घेऊन गेले. आठ दिवसांची धूळ काचेवर सारखी बसली होती. त्यांनी बोट टेकलं आणि एक आकडा लिहिला. टिटवाळ्याच्या माणसाने स्वतःच्या खिशातून दिलेली रक्कम तो, मुलगी आणि मी सोडून घरात कुणाला माहीत नव्हती. आकडा तोच होता. एका हजाराचाही फरक नव्हता.

"हा गाडीचा," ते म्हणाले.

त्याच्याखाली त्यांनी दुसरा आकडा लिहिला. तो मुलीने घातलेला. तो कशाचा हे ते बोलले नाहीत. खाली रेघ मारली. रेघेखाली तो भाव, जो त्यांनी पहिल्या दिवशी तोंडाने सांगितला होता.

"आज बेरीज आहे," ते म्हणाले. "तपासा."

मी त्या तिन्ही ओळी बघितल्या. वर स्वयंपाकघरात डबा पडल्याचा आवाज आला. त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी काचेकडेच बघत राहिले.

"बरोबर आहे, काका."

"पोरीने किंमत बरी लावलीन," ते म्हणाले. "मी एवढी धरली नसती." आणि मग, "तिला काही बोलू नका. तिला वाटू दे, जमलं म्हणून."

सवयीने त्यांनी खिशातून रुमाल काढला. काचेपर्यंत हात नेला. मग बोटाची धूळ पुसली आणि रुमाल परत खिशात ठेवला.

तेवढ्यात सगळे खाली आले. टिटवाळ्याचा माणूस वाकून काकांच्या पाया पडला, गाडीत बसला, त्याने सीट मागे सरकवली. ती सीट सरकल्याचा आवाज झाला तेव्हा मुलीने तोंड फिरवलं. इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं. गाडी गेटच्या दिशेने निघाली आणि मागची काच सगळ्यांच्या समोर आली, पण त्यावर काय आहे ते वाचायला कुणी जवळ नव्हतं.

आमच्या गेटला डावीकडे सिमेंटचा एक खांब आहे. नवीन माणसाला तो हमखास चुकतो. काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या, पदर दोन्ही हातांनी धरून. गाडी वळायला लागली तशा त्या पुटपुटू लागल्या, "डावीकडे खांब. अहो, डावीकडे खांब..."

"गप्प राहा गं," काका म्हणाले. "त्याला दिसतंय."